ज्येष्ठांचे ताट आणि आपले आहारशिक्षण

आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे. आहारशास्त्राशी आमचा संबंध दोन वेळच्या जेवणापुरताच. तेव्हा या विषयावर आम्ही लेखणी का उचलावी, असा प्रश्न वाचक बंधू-भगिनींच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आम्हांला आमच्या काउंटरसमोर मिळाले.

श्रावणबाळ योजनेचे आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यावर जमा झाल्याची वार्ता गावात पसरली, की दुसऱ्या दिवशी बँकेचे शटर वर जाण्याआधीच पायरीवर म्हातारी माणसे येऊन बसलेली असतात. २०२३ पासून हे अनुदान महिना १,५०० रुपये झाले आहे. त्या पैशासाठी कोणी काठी टेकत, कोणी नातवाच्या मोटारसायकलवर बसून येते. अंगठ्याच्या रेषा आयुष्यभराच्या कामाने झिजून गेलेल्या. यंत्र त्या ओळखत नाही, म्हणून दोन-दोन, तीन-तीन वेळा अंगठा दाबावा लागतो. रांग सरकत नाही. अशाच एका दिवशी साडेअकराच्या सुमाराला रांगेतील एक आजी भिंतीला टेकल्या आणि बघता बघता खाली बसल्या. आम्ही पाणी घेऊन धावलो. आजी आमच्याच गडमुडशिंगीच्या, आमच्याच वस्तीतल्या. सावध झाल्यावर विचारले, "आजी, सकाळी काय खाल्लं होतं?" म्हणाल्या, "च्या घेतलाय की. चपातीचा तुकडा बुडवला हुता." आणि रात्री? "रातच्याला भूकच न्हाई झाली बाळ. वाईच आमटी-भात."

या आजींच्या घरात धान्य नाही असे नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालचे तांदूळ आणि गहू २०२३ पासून फुकट मिळतात. मुलगा कामाला जातो, सूनही गांधीनगरच्या बाजारात दुकानात जाते. आजी उपाशी नव्हत्या आणि तरीही त्यांच्या पायांत उभे राहण्याचे बळ नव्हते. हे कसे, याचा छडा लावण्याच्या नादात आम्ही गेले वर्ष-दीड वर्ष मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे समजले आणि जे करून पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हिशेबाचे पाहू. ते आमच्या सवयीचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या माणसाला सुमारे ४२ ग्रॅम. म्हाताऱ्या माणसाचे शरीर खाल्लेली प्रथिने तरुणाइतकी चांगली वापरीत नाही, म्हणून वृद्धांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम मिळावीत, असे जगातले अनेक तज्ज्ञ म्हणतात. म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. आता आजींचे खाते उघडू. सकाळचा चहा आणि एक चपाती मिळून साडेचार ग्रॅम. दुपारी एक भाकरी आणि पातळ आमटी, सात ग्रॅम. संध्याकाळी चहा आणि एक-दोन बटर, तीन ग्रॅम. रात्री मूठभर भात आणि तीच आमटी, सहा ग्रॅम. बेरीज वीस-एकवीस. गरजेच्या निम्मी.

उरलेली रक्कम कोठून येते? शरीर ती मांड्यांच्या, दंडांच्या स्नायूंतून उचलते. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण एक टक्क्याने कमी होत जातात, हे निसर्गाचे आहे; पण खाणे निम्मे असेल तर ही उचल कितीतरी वेगाने होते. मग जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, पायरी चढवत नाही, एक दिवस मोरीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. आपण म्हणतो, "वय झालं होतं." वय झाले होते हे खरे, पण त्या घसरण्यात रोजच्या चहा-चपातीचाही वाटा असतो.

ही केवळ आमच्या वस्तीची गोष्ट नाही. २०१७-१८ साली भारतभर पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२,००० माणसांची एक मोठी पाहणी झाली. साठीपुढच्या माणसांत सुमारे २७ टक्के गरजेपेक्षा कमी वजनाची आणि सुमारे २२ टक्के गरजेपेक्षा जास्त वजनाची आढळली. म्हणजे निम्म्या म्हाताऱ्या माणसांचे ताट एका बाजूने नाहीतर दुसऱ्या बाजूने बिघडलेले आहे. आपल्या सरकारी पोषण योजना मात्र मुख्यतः आई आणि मूल यांच्यासाठी आखलेल्या आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाडीत सहा वर्षांखालील मुलांचे वजन होऊ लागले, गरोदर आणि स्तनदा मातांना आहार मिळू लागला. हे योग्यच झाले. पण त्या अंगणवाडीच्या दारात नातवाचा हात धरून उभ्या असलेल्या आजीचे वजन कोणत्याही वहीत नोंदले जात नाही. १९८२ पासून १ ते ७ सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण सप्ताह पाळला जातो. त्यातील तक्त्यांवरही चित्र बहुधा बाळंतिणीचे असते.

आता आमच्या फजितीची हकीगत. आजींचा प्रसंग घडल्यावर आम्हांला वाटले, लोकांना माहिती नाही, ती दिली की काम झाले. एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर आम्ही पाऊण तास बोललो. मोठा तक्ता करून नेला होता. प्रथिने, कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वे, सगळे रंगीत. म्हातारी माणसे शांतपणे ऐकत होती. शेवटी आम्ही म्हणालो, "रोज मूठभर शेंगदाणे खा." तेव्हा पुढच्या ओळीतल्या एका मावशी म्हणाल्या, "सायेब, शेंगदाणं चावायचं कशानं? दात हाईत का माज्या तोंडात?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण मनातून ओशाळलो. महिन्याभराने चौकशी केली, तर एकाही घरात काही बदलले नव्हते. तक्ता मात्र भिंतीवर होता.

याच सुमाराला एका ग्रंथालयात सामाजिक मानसशास्त्राच्या पुस्तकात कुर्ट लेविन यांच्या प्रयोगाचा वृत्तान्त वाचायला मिळाला आणि आपली फजिती जुनीच आहे असे कळले. लेविन हे जर्मनीतील ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली देश सोडून अमेरिकेत गेले आणि आयोवा येथे अध्यापन करू लागले. दुसऱ्या महायुद्धात चांगले मांस सैन्याकडे जाऊ लागले. मागे उरले ते हृदय, मूत्रपिंड असे अवयवांचे मांस. ते पौष्टिक आणि स्वस्त. पण मध्यमवर्गीय अमेरिकन गृहिणी त्याला हात लावीत नव्हत्या. वास येतो, नवरा नाक मुरडतो, ते गरिबांचे खाणे, अशा त्यांच्या सबबी. लेविन यांनी स्त्रियांचे सहा गट घेतले, एकेका गटात तेरा ते सतरा जणी. तीन गटांना पाऊण तासाचे उत्तम व्याख्यान दिले. तक्ते दाखवले, पाककृती छापून वाटल्या, व्याख्यातीने स्वतःच्या घरी ते पदार्थ कसे केले तेही सांगितले. दुसऱ्या तीन गटांत व्याख्यान नाही. आपल्यासारख्या बायकांना हे करायचे झाले तर काय आड येईल, एवढाच विषय मांडला. बायकांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. वासाचा प्रश्न निघाला तेव्हा जाणकार बाईंनी वास घालवण्याची युक्ती सांगितली. शेवटी विचारले, येत्या आठवड्यात कोण करून बघणार? हात वर करा. वेळ तोच, पाऊण तास. पुढे घरोघर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधी न केलेला पदार्थ करून वाढला होता. चर्चा करून हात वर केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी.

३ आणि ३२. आमचे पाऊण तासाचे व्याख्यान आणि तक्ता डोळ्यांसमोर आला.

पुढच्या संशोधकांनी या प्रयोगातील कच्चे दुवेही दाखवले. १९५५ साली एडिथ बेनेट या बाईंनी निराळ्या विषयावर असाच प्रयोग करून दाखवले, की नुसत्या चर्चेने फारसे होत नाही. माणसाने स्वतः निर्णय घेणे आणि आपल्याबरोबरचे इतरही तेच करणार आहेत असे त्याला दिसणे, या दोन गोष्टी खऱ्या कामाच्या. लेविन यांनी आणखी एक मुद्दा मांडला होता, तो आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. अन्न ताटात येते ते कोणाच्या तरी हातून येते. त्या हाताला त्यांनी द्वारपालाची उपमा दिली. जो खातो त्याला शिकवून उपयोग नाही. जी शिजवते, आणते, वाढते तिच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. आपल्या घरात आजी-आजोबांच्या ताटाची द्वारपाल म्हणजे सून. आमच्या त्या सभेला एकही सून नव्हती. त्या घरी स्वयंपाक करीत होत्या.

अवयवांच्या मांसावरून एक नाजूक विषय आठवला. तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे आपल्या बापजाद्यांना सांगितले. त्यामागे स्वाभिमान होता, आरोग्यही होते. समाजाने ते मानले, आणि एका पिढीत मानले. आहारशिक्षणाचे एवढे मोठे आणि यशस्वी उदाहरण भारतात दुसरे क्वचितच सापडेल. मात्र पुढे शिकलेल्या घरांत एक निराळीच गोष्ट घडली. जे जे गरिबीत खाल्ले ते सगळेच लाजिरवाणे वाटू लागले. नाचणीची आंबील, जोंधळ्याच्या कण्या, बांधावरची पाथरी, तांदुळजा, चिघळ, सुकट, वजडी, पाया हे सगळे एका गाठोड्यात बांधून मागच्या दाराने टाकले गेले. बाबासाहेबांनी हे सांगितले नव्हते. पुढच्या दाराने आले ते बटर, खारी, पांढरा पाव आणि पुन्हा पुन्हा उकळलेला चहा. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग घरांतील खाण्याची नोंद केली, तेव्हा असे काही लिहून ठेवण्यासारखे आहे हेच अनेकांना नवे होते. आणि गंमत अशी, की कोल्हापूर शहरात रविवारी 'रक्ती-मुंडी'साठी भल्या भल्या घरचे लोक रांग लावतात. आमच्या वस्तीत तोच पदार्थ शिजला तर दार लोटून घेतात.

ही लाज म्हाताऱ्या माणसांना महाग पडते, कारण त्यांना नव्या पदार्थांची सवय नाही आणि जुने पदार्थ घरात होत नाहीत. कॅल्शियमचेच बघा. शंभर ग्रॅम तांदळात ते जेमतेम दहा मिलिग्रॅम, ज्वारीत पंचवीसच्या आसपास आणि नाचणीत सुमारे साडेतीनशे. राधानगरी, गगनबावड्याकडची नाचणी आपल्या जिल्ह्याचीच. पण आपल्या पट्ट्यात ऊस आला, तणनाशक आले, बांधावरची भाजी गेली. आमच्या गावाच्या काही जमिनी विमानतळाच्या विस्तारात गेल्या, त्यांचे बांधही त्यांच्याबरोबर गेले. दुधाचेही तसेच. दारात म्हैस असली तरी सकाळचे दूध आधी डेअरीच्या किटलीत जाते. बिल महत्त्वाचे असते, याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. पण म्हातारीच्या वाटणीला चहापुरते दूध राहते.

मांसाहाराबद्दल पुण्याच्या एका संशोधनाचा उल्लेख करावासा वाटतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील अशा ४४१ पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती, आणि शाकाहारी माणसांत तिचा धोका चौपटीहून अधिक होता. ब-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते; काळीज तर त्याचे भांडारच. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो, थकवा येतो. हे पुरुष मध्यमवयीन होते. म्हातारपणी जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातले ब-१२ शोषले जाईनासे होते. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी आणि पित्तासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्याही त्यात भर घालतात. तेव्हा आजोबा विसरतात, अडखळतात, याला वय म्हणून सोडून देण्याआधी डॉक्टरांना ब-१२ची तपासणी करावी का, एवढे विचारण्यास हरकत नाही. ज्यांनी विचारपूर्वक शाकाहार स्वीकारला आहे त्यांनी तो सोडावा असे आम्ही सुचवीत नाही. त्यांनी दूध-ताक वाढवावे आणि तपासणी टाळू नये. पण ज्यांचा शाकाहार केवळ लोक काय म्हणतील या भीतीपोटी आलेला आहे, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांच्या ताटातले अंडे तरी काढू नये.

मग शिकवायचे कसे? महाराष्ट्रात याचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वी दिले गेले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जाऊन राहिले. लवकरच त्यांच्या लक्षात आले, की दवाखान्यात येणारी बरीचशी दुखणी ही उपासमारीची, घाण पाण्याची आणि जातीची आहेत. मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली आणि त्यांत सर्व जातींची मुले एकत्र जेवू लागली. पाण्याचे हातपंप जाणीवपूर्वक दलित वस्तीत बसवले गेले, म्हणजे सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागे. आणि आरोग्य शिकवण्यासाठी शहरातून शिकलेल्या बाया आणल्या नाहीत. गावानेच निवडलेल्या स्त्रिया घेतल्या, त्यांत अनेक निरक्षर आणि अनेक दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत, शिकत, आणि परत गावात जाऊन शेजारणीच्या चुलीपाशी बसून बोलत. ज्या बाईला गावाने पाणी वरून वाढले, तीच पुढे गावाची मुले वजन करून देऊ लागली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगातले तज्ज्ञ हे पाहायला आले. शिकवणारी शेजारचीच होती, तिच्या चुलीवर तेच धान्य शिजत होते, म्हणून "दात हाईत का?" असा प्रश्न तिला कोणी विचारण्याची वेळ येत नव्हती.

खरे म्हणजे यातील मूळ गोष्ट आपल्याला फार पूर्वी सांगून झालेली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब माणसाची कथा येते. भगवान बुद्ध आळवीला आले, त्या दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधण्यात त्याचा अर्धा दिवस गेला, आणि तो उपाशीपोटीच धावत उपदेशाला आला. भगवंत त्याची वाट पाहत थांबले होते. तो आल्यावर त्यांनी आधी विचारले, काही अन्न शिल्लक आहे का? त्याला जेवू घातले आणि त्याचे पोट भरल्यावर मगच देशना केली. भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेल्याला धम्म समजत नाही, असे त्यांना सांगितले. आम्ही मात्र पौर्णिमेला म्हाताऱ्या माणसांना पाऊण तास तक्ता दाखवला आणि शेवटी त्यांच्या हातावर दिला तो अर्धा कप चहा.

दुसऱ्या वेळी आम्ही थोडे शहाणे झालो होतो. सभा रविवारी दुपारी ठेवली, म्हणजे सुनांना येता येईल. आधी आंबील वाढली, मग बोलणे. तक्ता नेला नाही. फक्त विचारले, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं, आठवून सांगा." संशोधक याला चोवीस तासांची आठवण म्हणतात. १९७२ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सुरू झालेल्या पोषण पाहणी विभागाने देशभर याच रीतीने माहिती गोळा केली. एकेक जण सांगू लागले आणि सुना ऐकू लागल्या. काही गोष्टी त्यांनाही नव्या होत्या. एका आजींनी सांगितले, रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी बारापर्यंत त्यांच्या पोटात चहाखेरीज काही जात नाही, कारण सकाळी घरात गडबड असते आणि मागायचा संकोच वाटतो. सुनेचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आत्या, तुमी सांगितलं न्हाई कवा." एक आजी ताटातले अंडे नातवाला देत होत्या. दोघीजणी मशेरी लावत होत्या. तिने तोंडाची चव आणि भूक दोन्ही मरतात. एक तात्या दिवसा पाणीच कमी पीत होते, कारण रात्री अंधारात बाहेर जाण्याची भीती. म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते, त्यात हे.

मग अडचणी निघाल्या. एक सून स्पष्टच बोलली, "सकाळी सातला डबं करून गांधीनगरला जायचं, आंबील मी शिजवू कवा?" हा प्रश्न आमच्या तक्त्यात नव्हता. उत्तर दुसऱ्या एका आजींनी दिले. पीठ रात्रीच ताकात कालवून ठेवायचे, सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटे उकळायचे; आणि चुलीजवळ उभे राहण्याइतपत बळ असलेल्या म्हाताऱ्यांनी ते स्वतःच करायचे. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या मिलोची लाल भाकरी खाऊन खडी फोडलेली ही माणसे. आंबील ढवळणे त्यांना काय जड! एक आजोबा म्हणाले, मी करतो. त्यावर बायका इतक्या हसल्या की त्यांना मागे फिरता येईना.

शेवटी हात वर झाले ते तीनच गोष्टींवर. शेंगदाण्याचे बारीक कूट मोठे दोन चमचे रोज भाकरीबरोबर किंवा भाजीत. सकाळचा दुसरा चहा बंद, त्याऐवजी नाचणीची आंबील. आणि खाणाऱ्यांसाठी आठवड्यातून तीन अंडी, ती म्हाताऱ्यांनी सुनेसमोर बसून खायची. पातळ आमटी घट्ट करण्याची सूचना एका सुनेनेच केली, पण डाळीच्या भावावरून तिच्यावर एकमत झाले नाही. सुकटीचाही विषय निघाला. तीत प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर, पण मीठही तेवढेच. रक्तदाबवाल्यांनी गरम पाण्यात दोनदा धुतल्याशिवाय खाऊ नये, दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत म्हणजे एका लहान चमच्याएवढे असावे, हे तेथे सांगितले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, हेही सांगितले. तसे एक काका आमच्यात होते आणि ते यातून बाजूला राहिले.

दोन महिन्यांनी आम्ही घरोघर फिरलो. बारा घरांपैकी पाच घरांत कूट नियमाने चालू होते, चार घरांत आंबील होती. अंडी मात्र तीनच घरांत टिकली. उरलेल्या ठिकाणी ती पुन्हा नातवंडांच्या ताटात गेली होती. दोन घरांत काहीच झाले नव्हते. हे संशोधन नव्हे, त्याला शास्त्रीय मोल नाही, हे आम्ही जाणतो. पण पहिल्या खेपेचा आकडा शून्य होता. आंबील करणारे आजोबा अजून करीत आहेत, आणि शेजारच्या दोन घरांनाही देतात असे कळते. बँकेत पडलेल्या आजींच्या घरी कूट सुरू आहे. त्यांचे वजन वाढले की नाही हे आम्हांला सांगता येत नाही, कारण वजनकाटा अंगणवाडीत आहे आणि त्यावर त्यांना कोणी उभे केलेले नाही. संस्थेने एक साधा वजनकाटा विहारात ठेवावा, अशी विनंती आम्ही कार्यकारिणीस लेखी केली आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी एक काम. सुट्टीत आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीजवळ बसा. वही घ्या, आणि काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेले ते क्रमाने लिहून घ्या, चहासुद्धा, मशेरीसुद्धा. किती भाकरी, केवढी वाटी, आमटी पातळ की घट्ट, दूध होते का, हे विचारा. काय खायला हवे हे त्या दिवशी सांगू नका. लहानपणी काय खात होता तेही विचारा, ते जास्त वेळ बोलतील. मग ती वही घरात जी स्वयंपाक करते तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा. प्रथिनांची बेरीज करायची असेल तर आमच्याकडे या. रविवारी सकाळी दहानंतर आम्ही विहारात असतो.